‘तर’च्या आधी कापलं

८ जुलै, सोमवार
नववी ब. मोबाइल हातात आला की पोरं तो उभा धरतात आणि स्वतःकडेच वळवतात. आज एवढंच शिकवलं : मोबाइल आडवा, कोपरं बरगड्यांना टेकलेली, दहा सेकंद हलायचं नाही. आवाजाची बोंबच. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. माइक नाही, तेव्हा झूम न करता बोलणाऱ्याच्या जवळ जायचं.

११ जुलै, गुरुवार
आज कुलेशोव्ह. शंभर वर्षांपूर्वी या रशियन दिग्दर्शकाने मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडला. लोकांना म्हणे त्यात भूक दिसली, दुःख दिसलं. आम्हीही एका मुलाचा कोरा चेहरा घेतला, पुढे एकदा भजी जोडली, एकदा गणिताचा पेपर. “बाई, कसला घाबरलाय हा!” वर्ग ओरडला. तो नुसता फळ्याकडे बघत होता. हा तास मला फार आवडतो; फसवणारे आणि फसणारे एकाच बाकावर बसलेले असतात.

१६ जुलै, मंगळवार
पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींची मुलाखत. त्या म्हणाल्या, “तांदूळ खराब आला तर मी परत पाठवते.” मग मी एका गटाला ती मुद्दाम बिघडवायला सांगितली. त्यांनी ‘तर’च्या आधी कापलं आणि पुढे जेवणाऱ्या मुलांची ताटं जोडली. खोटा शब्द एकही नाही! मावशींना दाखवलं. त्या हसल्या नाहीत. “माझं काम घालवाल,” म्हणाल्या. त्यांच्यासमोरच क्लिप पुसली.

२० जुलै, शनिवार, सकाळची शाळा
राईनपाडा आमच्याच धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे पाच जण जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार केले. ही पोरं तेव्हा तिसरीत होती.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका क्लिपबद्दलही सांगितलं. राईनपाड्याचं कारण तीच होती असं मात्र मी म्हणणार नाही. दुचाकीवरचे दोघे मूल उचलून नेतात. मूळ फिल्म कराचीतल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी केलेली. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी शेवटच उडवला. फ्रेम थांबवून गूगल लेन्सवर शोधायला शिकवलं, पण मूळ फिल्म सापडली तरच काय कापलंय ते कळतं.

व्हॉट्सॲपने त्याच जुलैत भारतात फॉरवर्डवर पाचाची मर्यादा जाहीर केली, हेही सांगितलं.

“पाच माणसं का पाच ग्रुप, बाई?” एका मुलाने विचारलं.

“ग्रुपही चालायचे. एका ग्रुपमध्ये तेव्हा २५६ जण.”

तो फळ्यापाशी गेला, गुणाकार केला : १२८०. “आणि आता?”

“आता १०२४ मावतात.”

त्याने खडू पुन्हा उचलला. ५१२०.