यंदाची नानकटाई घरातच

शाबानच्या सुरुवातीला अब्बा गेले आणि 31 मार्च 2025 ला ईद आली. अम्मींची इद्दत चालू होती. नात्यातल्या एकदोघींनी रमजानमध्येच आम्हाला बजावलं, "पहिली ईद आहे, घरात गोडधोड काही करू नका." आम्ही दोघी जावा मान डोलावून गप्प बसलो. मन होतंच कुणाला?

सत्ताविसाव्या रोज्याला अम्मींनी विचारलं, "खताई का सामान आया क्या?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. चार महिने दहा दिवसांची इद्दत फक्त बेवेला आहे, बाकीच्यांना गम तीन दिवसांचा, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण लोक काय म्हणतील, ही भीती त्याहून मोठी झाली होती. अम्मी म्हणाल्या, "मेरी इद्दत मेरे पास. बच्चों की ईद कायकू बंद करते?"

नानकटाई आमच्याकडे कधी घरी झालीच नव्हती. सामान अम्मींनी मळायचं आणि तरावीहनंतर अब्बांनी डबा सायकलला लावून गावातल्या भट्टीवर न्यायचा. पाव निघून भट्टी उतरली की मगच खताईचे ट्रे आत जातात; आधी घातले तर वरून करपतात, आतून कच्चे राहतात. सोनईत दिवाळीच्या आधीही त्याच भट्टीवर अशीच रांग असते. अब्बा तिथे तास-दोन तास गप्पा मारत बसत आणि गरम डबा घेऊन येत. आता भट्टीवर जायचं कुणी? पोरं म्हणाली, आम्ही जातो. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण त्यांना ते नको होतं, हे दिसत होतं. म्हणून कुकर काढला.

पाव किलो मैदा, 50 ग्रॅम बेसन, 25 ग्रॅम रवा, काजू-बदामाची 50 ग्रॅम भरड, 150 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम तूप, वेलची-जायफळ, चिमूटभर मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर. तूप आणि साखर हलकं, पांढरं होईपर्यंत फेसायचं, मग पीठ नुसतं गोळा करायचं. मळत बसलं की खताई कडक होते. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरलं, दहा मिनिटं तापवलं, वर जाळी, जाळीवर ताटली.

पहिला घाणा फसला. सहाही नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या, ताटलीभर एकच पोळी! रोजा असल्याने चाखताही येईना. अम्मींनी बसल्या जागेवरून विचारलं, "तूप पिघला हुआ था?" होतंच. मार्चच्या अखेरीस सोनईत तूप थिजलेलं राहतं कुठे? गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, आच अगदी बारीक करा आणि निघाल्यावर हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं. गरम नानकटाई उचलली की मोडते, थंड झाली की सावरते. दुसऱ्या घाण्याला बावीस मिनिटं लागली आणि वर त्या ओळखीच्या भेगा पडल्या. घरभर वास सुटला तेव्हा अम्मी मात्र उठून आतल्या खोलीत गेल्या. आम्ही मागे गेलो नाही.

एका वेळी सहाच. शाळेतून आल्यावर इफ्तारपर्यंत आणि तरावीहनंतर पुन्हा, असे तीन दिवस आम्ही कुकरपाशीच होतो. 'नान' म्हणजे फारसीत रोटी आणि सुरतेच्या डचांच्या बेकरीतून ही आपल्याकडे आली असं सांगतात, हे शाळेत मुलांना आम्ही दरवर्षी मोठ्या ऐटीत सांगतो. भाजायची कशी, ते आत्ता कळलं.

ईदच्या दिवशी शेजारच्या घरांत नेहमीसारखे डबे गेले. बजावणाऱ्या दोघीही आल्या, शीरखुर्मा घेतला, नानकटाई घेतली, विषय निघाला नाही.

दुपारी भट्टीवाले चाचा आले. मागच्या ईदला अब्बांचा एक डबा त्यांच्याकडे राहिला होता, तो घासूनपुसून आणला होता. अम्मी पडद्याआड होत्या. आम्ही ताटली पुढे केली. चाचांनी एक नानकटाई मोडली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "नीचे से थोड़ी ज़्यादा लगी."

आतून अम्मींचा आवाज आला, "मैं भी वहीच बोली थी इनको."