तपाचा ताप आणि औषधाची वेळ

पर्युषण जवळ आलं. घराघरांत अठाईची तयारी सुरू झाली असेल. त्याआधी गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगून टाकते, बरेच दिवस मनात अडकून बसली आहे.

सासूबाईंचा अठाईतला चौथा उपवास होता. दुपारपासून डोकं दुखत होतं, संध्याकाळी अंग तापलं. उकळलेलं पाणी त्यांनी सूर्यास्ताआधी घेतलं आणि मग चौविहार. मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. "उपवासाचं पित्त चढलंय, सकाळी उतरेल," असं त्याही म्हणाल्या, मीही म्हणाले. शेजारच्या काकू साता विचारायला आल्या, त्यांनाही तसंच वाटलं.

पहाटे चारला दिवा लावला तर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मान पुढे वाकेना. मला नणंदेच्या नावानं हाक मारायला लागल्या. तेव्हा मात्र आम्ही तसंच उचलून दवाखान्यात नेलं.

मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे सूज आली होती, म्हणजे मेनिंजायटिस. डॉक्टरांनी आधी रक्त घेतलं, मग डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड शिरेतून दिलं आणि लगेच पाठोपाठ अँटिबायोटिक. मणक्यातल्या पाण्याची तपासणीही झाली. मी घाबरून विचारलं, "डॉक्टर, जंतू मारायचं औषध आधी का नाही दिलं?"

त्यांनी समजावलं ते असं. अँटिबायोटिकनं जंतू फुटतात आणि त्यांचे तुकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतात. शरीर त्या तुकड्यांवर तुटून पडतं आणि सूज आणखी भडकते. त्या भडक्यानंच मेंदूला आणि कानाला इजा होते. म्हणून सूज आवरणारं औषध पहिल्या अँटिबायोटिकच्या थोडं आधी किंवा त्याच्या बरोबरच जायला हवं. बऱ्याच तासांनी दिलं तर त्याचा तसा उपयोग राहत नाही. पण त्यासाठी अँटिबायोटिकही लांबवायचं नाही, रुग्ण आल्यापासून तासाभरात ते सुरू व्हायलाच हवं. एका सामायिकाहून थोडाच जास्त वेळ!

नंतर मी याबद्दल वाचलं. 2002 साली युरोपातल्या 301 प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हे स्टिरॉइड अँटिबायोटिकच्या 15 ते 20 मिनिटं आधी किंवा सोबत, आणि पुढे दर 6 तासांनी 4 दिवस दिलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण शंभरात 15 वरून 7 वर आलं. सगळ्यात जास्त फायदा न्यूमोकोकस जंतूच्या रुग्णांना झाला. सासूबाईंनाही तोच जंतू निघाला.

दुसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर आल्या. हाताला सलाईन पाहून पहिलं काय म्हणाल्या असतील? "रात्री बाराला काही देऊ नका गं, माझा चौविहार आहे." मी गप्प झाले. नर्सताई म्हणाल्या, "आजी, हे औषध घड्याळावर चालतं." बारा, सहा, बारा, सहा, असे सोळा डोस होते.

शेवटी मी महासतीजींना निरोप पाठवला. त्यांनी कळवलं की पच्चक्खाणातच आगार ठेवलेले असतात आणि त्यातला सव्वसमाहिवत्तियागार अशाच वेळेसाठी आहे. मोठ्या आजारात मनाची समाधी टिकावी म्हणून औषध घेतलं तर पच्चक्खाण भंगत नाही. सासूबाईंनी हात जोडले आणि रात्रीचा डोस शांतपणे घेतला. आयुष्यभर ते पच्चक्खाण म्हणतो, पण त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

आज त्या ठणठणीत आहेत. फक्त डाव्या कानाला कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, औषध वेळेवर मिळालं नसतं तर यापेक्षा जास्त गेलं असतं. पण मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलते तेव्हा संध्याकाळी सात ते पहाटे चार हे नऊ तास मला आठवतात. दवाखान्यात एकेक मिनिट मोजलं गेलं आणि घरी मी अख्खी रात्र पट्ट्या बदलण्यात घालवली.

म्हणून सांगते. उपवासात डोकं दुखतं, पित्त होतं, हे आपल्याला माहीत आहे. पण ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, उलट्या, बोलण्यात घोटाळा, यातली दोन लक्षणंही एकत्र दिसली तर सकाळची वाट पाहू नका. घरातली उरलेली गोळी देऊ नका, स्टिरॉइड तर मनानं मुळीच नाही. सरळ दवाखाना गाठा आणि उपवास किती दिवसांचा आहे तेही सांगा.

या वर्षी सासूबाई एकासणं करणार आहेत. अठाई माझी आहे. पच्चक्खाण घेण्याआधीच मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, "मी नको म्हटलं तरी मला न्या."

त्या रात्रीसाठी मी सासूबाईंना मिच्छामि दुक्कडं म्हटलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "या कानात म्हण, त्या कानाला ऐकू येत नाही."