हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी लगबग सुरू होते. बदलापुरातले आमचे शेजारचे काका त्यांतलेच. सारी नोकरी लेथवर गेली. बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्यात की ठसा उमटतच नाही. २०१४ साली या दाखल्याची 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय सुरू झाली ती बोटांचे ठसे आणि बुबुळांवर. २०२१ मध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवून दाखला मिळू लागला. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते. झिजलेली बोटं हा माणसाचा दोष नाही, हे त्यात कुणीतरी मान्य केलं.

आज काकांना खिडकीशी उजेडात बसवलं, फोन समोर धरला. पापण्या मिटल्या, उघडल्या. "झालं?" त्यांनी विचारलं. झालं होतं.

मग पेन्शन जमा झाली का, हे पाहायला बँकेचं ॲप उघडलं आणि सगळं अडलं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. चष्मा सापडून ओटीपी वाचेपर्यंत वेळ संपलेली. फोनची अक्षरं मोठी केली, तर 'पुढे'चं बटण पडद्याच्या खाली गडप! अंगठा थरथरतो, स्पर्श लांबतो, भलतंच काही उघडतं. काका ओशाळले, याचाच मला राग येतो. अशी ॲप बनवणाऱ्यांनी ती आधी सत्तरीच्या माणसाच्या हातात द्यावीत आणि शेजारी बसून, मध्ये न बोलता, नुसतं पाहावं.