उजेडाची वाटणी

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, चर्चच्या पटांगणावर वर्षातून एकदोनदा चित्रपट दाखवला जात असे. दोन बांबूंच्या मध्ये ताणून बांधलेली पांढरी चादर हा पडदा आणि १६ मिलिमीटरचे एक जुने यंत्र. ते यंत्र गावातील एक गृहस्थ चालवीत. आम्ही सारी मुले त्यांना काका म्हणत असू. मागे बसलेल्यांनी "चित्र मोठे करा" असा गलका केला की काका यंत्र चार हात मागे सरकवीत. चित्र मोठे होई खरे. पण त्याबरोबर माणसांचे चेहरे काळवंडत. मग यंत्र पुन्हा पुढे आणीत ते म्हणत, "अरे, दिवा एकच आहे. चादर वाढवाल तेवढा उजेड वाटला जाईल."

पुढे सेमिनरीच्या ग्रंथालयात या विद्येचा इतिहास हाती आला. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ मध्ये जादूच्या कंदिलाची रेखाटने केली; येशूसंघीय धर्मगुरू अथानासियुस किर्खर यांच्या प्रकाश आणि छायेवरील ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत त्या कंदिलाची चित्रे आहेत. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० नंतरच्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने अशाच चित्रांचे खेळ केले. तेलाच्या दिव्यापासून आजच्या प्रक्षेपकापर्यंत यंत्र पार बदलले. काकांचा नियम मात्र बदलला नाही.

तो नियम मला पुन्हा आठवला २०२३ च्या पावसाळ्यात. सुट्टीत गावी गेलो असता काकांच्या घरून निरोप आला. त्यांचा मुलगा आखातातील नोकरी करून महिनाभरासाठी आला होता. तेथे दोन वर्षे वापरलेला प्रक्षेपक त्याने बरोबर आणला होता आणि वडिलांसाठी घरच्या दिवाणखान्यातच चित्रपटगृह उभे केले होते. काकांनी ऐंशी ओलांडलेली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही नेत्रपटल दुबळे झालेले. अंधुक दिसते म्हणून मुलाने विचार केला, की चित्र जेवढे मोठे तेवढे बाबांना सोपे. त्याने तिरके मोजून १५० इंचांचा पडदा चौकटीसह भिंतीवर बसवला. प्रक्षेपक सोळा फुटांवर छताला टांगला. पैसा बराच खर्ची पडला होता आणि त्यामागे माया होती.

त्या सायंकाळी काका-काकूंच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाची चित्रफीत लावली. काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. काका साडेतेरा फुटांवर आरामखुर्चीत बसले होते. मुलगा दर पाच मिनिटांनी विचारी, "बाबा, कसे दिसते?" काका म्हणत, "छान आहे, छान आहे." मुलगा चहा आणायला आत गेला तेव्हा काका माझ्याकडे झुकले आणि हलकेच म्हणाले, "फादर, माणसे हलताना दिसतात. पण त्यातली ही कोणती, ते मला कळत नाही. पोराला सांगू नका."

मी बराच वेळ गप्प राहिलो. माणसाच्या कानी पडलेली गोष्ट पोटात ठेवणे हा माझ्या जीवनाचाच भाग आहे. पण ही काही कबुली नव्हती; ही एका बापाची भीड होती, आणि ती पाळली असती तर काकांना त्यांची माणसे दिसलीच नसती. मी त्यांना म्हटले, "काका, त्याला दुखवणार नाही. तुमचाच नियम त्याला सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टी आणि कागद घेऊन गेलो. प्रकाशाचे प्रमाण लुमेनमध्ये मोजतात. लुमेनच्या आकड्याला पडद्याच्या चौरस फुटांनी भागले की साध्या पांढऱ्या पडद्यावर चित्र किती उजळ दिसेल ते फूट-लॅम्बर्ट या एककात कळते. चित्रपटगृहातील अंधारात यासाठी १६ हा आकडा दीर्घकाळ प्रमाण मानला गेला; डिजिटल चित्रपटगृहांत तो १४ आहे. प्रक्षेपकाच्या खोक्यावर २००० लुमेन छापले होते. पण तो आकडा सर्वांत भडक मांडणीचा. त्यात रंग हिरवट होतात आणि पंखा घरघरतो. चित्रपटाच्या योग्य रंगांची मांडणी निवडली की उजेड जवळजवळ निम्मा होतो. शिवाय पाऱ्याच्या वाफेचा दिवा वापराने मंदावत जातो आणि आयुष्याच्या शेवटी निम्म्यावर येतो. तेव्हा हाती उरले ५०० लुमेन, असे धरले.

१५० इंचांच्या रुंद पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस फूट. ५०० भागिले ६७, म्हणजे साडेसात. १०० इंचांचा पडदा असता तर क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट, आणि भागाकार जवळपास १७. लांबी दीडपट केली की क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. माणसाची दिशाभूल होते ती येथेच. त्यात वयाची भर. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे सांगतात. काका तर त्याही पुढे गेलेले.

मुलगा कागदाकडे पाहत राहिला. "म्हणजे पडदा लहान करायचा? फादर, मी तो बाबांना मोठे दिसावे म्हणून आणला." त्याच्या स्वरातला राग मला समजत होता. मी म्हटले, "मोठे दिसू दे की. १०० इंचांचे चित्र नऊ फुटांवरून पाहिले तर डोळ्याला तेवढेच मोठे दिसते जेवढे १५० इंचांचे साडेतेरा फुटांवरून. आकार तोच राहतो, उजेड मात्र दुपटीहून अधिक मिळतो. पडदा वाढवण्याऐवजी खुर्ची जवळ आणायची."

तो काही बोलला नाही. दुपारी त्याने स्वतःच प्रक्षेपक छतावरून उतरवला आणि अकरा फुटांवर एका उंच स्टुलावर ठेवला. पडद्याचा उरलेला भाग काळ्या कापडाने झाकला. खिडक्यांना जाड पडदे लावले, कारण पडद्यावरचा काळा रंग खोलीतल्या उजेडाहून अधिक काळा होऊ शकत नाही. बाहेरचा प्रकाश आत आला की चित्रातील सावल्याच पुसल्या जातात. नवा दिवा मागवण्याचे त्याने ठरवले होते. तूर्त ते लांबणीवर टाकले.

सायंकाळी तीच चित्रफीत पुन्हा लावली. मुलाने आरामखुर्ची नऊ फुटांवर ओढली आणि स्वतः तिच्याजवळ जमिनीवर बसला. काही वेळ काका नुसते पाहत होते. मग त्यांनी बोट उचलले. "ही बघ, ही हसते आहे. केक कापताना तिला नेहमी हसू यायचे." मुलाने त्या वेळी "कसे दिसते" असे विचारले नाही.

पंधरा दिवसांनी मुलगा आखातात परत गेला. जाण्यापूर्वी तो मला भेटून गेला. म्हणाला, पुढच्या वर्षी करार संपला की तो वाढवावा की नाही याचा विचार करतो आहे. मी त्याला काहीच सांगितले नाही. एक हिशेब मी मांडून दाखवला होता. दुसरा त्याचा त्यालाच मांडायचा होता.

अजूनही गावी गेलो की मी त्या दिवाणखान्यात डोकावतो. भिंतीवरची मोठी चौकट काळ्या कापडाने झाकलेली तशीच आहे. स्टुलाचे चार पाय जेथे टेकतात तेथे मुलाने जमिनीवर खडूने खुणा करून ठेवल्या होत्या, कोणी झाडताना स्टूल हलवले तर पुन्हा जागेवर ठेवता यावे म्हणून. घरातली माणसे त्या खुणा पुसत नाहीत. फिकट झाल्या की पुन्हा गिरवतात.