मोंबाशाचा काझी

मोंबाशाच्या जुन्या गावात शिरले की मुंबईकराला वसईची आठवण झाल्यावाचून राहत नाही. समुद्राच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधायला घेतलेला फोर्ट जीझस, मागे अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी दरवाजे आणि मशिदी. मला मात्र कुतूहल होते ते इथल्या काझीचे.

केनियातला काझी म्हणजे सरकारी पगारी न्यायाधीश. ही दहा मैल रुंदीची किनारपट्टी मुळात झांझिबारच्या सुलतानाची. १८९५ साली इंग्रजांनी तिचा कारभार हाती घेतला. (त्या शतकाच्या अखेरीस इथल्या इंग्रजी कोर्टांची अपिले थेट मुंबईच्या हायकोर्टात येत!) १९६३ साली किनारा स्वतंत्र केनियात गेला, तो काझींची कोर्टे राखण्याच्या वचनावर.

आज वर नैरोबीचे सात न्यायमूर्तींचे सुप्रीम कोर्ट, खाली अपील कोर्ट, मग हायकोर्ट, आणि तळाशी मॅजिस्ट्रेटांच्या रांगेत काझी. त्याच्यापुढे चालते ते लग्न, तलाक आणि वारसा एवढेच. तेही दोन्ही पक्ष मुसलमान असतील आणि दोघांनाही हे कोर्ट मान्य असेल तर. 'मियाँबिबी राजी तो क्या करेगा काझी' असे आपण म्हणतो. इथे दोघे राजी नसतील तर काझीचेच काही चालत नाही! त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील होते, आणि तिथे न्यायमूर्तींच्या शेजारी सल्ल्याला काझी बसतात.

ही संमती वरवरची बाब नव्हे. वाटणीत भावाला दोन हिस्से, बहिणीला एक. राज्यघटनेने समतेच्या हक्काला मुरड घातली आहे, पण ती काझीच्या कोर्टापुरतीच. तेव्हा त्या उंबरठ्यावर 'नाही' म्हणणे एखाद्या मुलीला केवढ्याला पडेल किंवा केवढे मिळवून देईल, याचा विचार करावा. घरच्यांसमोर तिला ते म्हणता येते का, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही.

२०१० साली नव्या घटनेत काझी नकोतच, असा चर्चवाल्यांनी गलका केला. मे महिन्यात हायकोर्टही त्यांच्या बाजूने बोलले. तरी ४ ऑगस्टच्या सार्वमतात घटना काझींसकट मंजूर झाली.

आणि काझीकडे दाद मागायला जाते कोण? सुसान हर्श या अमेरिकन विदुषीने किनाऱ्यावरच्या या कोर्टांत बसून १९९८ साली पुस्तक लिहिले. तिला आढळले की दावे बहुतेक बायकाच आणतात, आणि बहुधा जिंकतातही.