नायिका भिजते तेव्हा

आमच्या देऊळगाव राजात वर्षाला दोनच गोष्टी घडत. एक बालाजीची यात्रा आणि दुसरी मॅट्रिकचा निकाल. यात्रेला सगळं गाव हसायचं, निकालाला निम्मं रडायचं. उरलेले दिवस जालन्याहून येणाऱ्या एस्.टी.ची वाट बघण्यात जायचे. शेजारच्या सिंदखेड राजानं जिजाऊंना जन्म देऊन इतिहासातली आपली जागा केव्हाच पक्की करून ठेवली होती. आम्हांला करण्यासारखं फारसं शिल्लकच नव्हतं.

अशा गावात प्रेमाच्या कादंबरीला काय किंमत असते, ते मुंबई-पुण्याच्या समीक्षकांना कळायचं नाही. कादंबरीत नायिका भिजायची. आमच्याकडे आधी पाऊस यायची मारामार. आला तरी बायका भिजण्याऐवजी कौलाखाली घागरी लावायच्या. कादंबरीतला डॉक्टर नायिकेचा हात हातात घेऊन नाडी विसरून जायचा. आमचा डॉक्टर नाडी विसरत नसे, तो मागच्या वेळचे दोन रुपये विसरत नसे. जे जे गावात नव्हतं ते सगळं त्या पिवळट पानांत होतं, आणि तेही फुकट. म्हणजे महिन्याच्या वर्गणीत.

आमच्या घरात हे वेड ताईला. मी बारा वर्षांचा, ती एकोणीस. नानांना कादंबरी या शब्दाचीच चीड. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ कथेवरचा अश्लीलतेचा खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, एवढं त्यांना नेमकं पाठ. 1969 साली त्याच कोर्टानं काकोडकरांना निर्दोष सोडलं, हे मात्र त्यांच्या वाचनात कधी आलं नाही. ज्या ‘दो रास्ते’ला नाना स्वतः डोळे पुसून आले, तो काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’वरून काढलेला, हे त्यांना सांगायची घरात कुणाची छाती नव्हती.

तेव्हा वाहतूक माझ्याकडे. पिशवीत तळाला कादंबरी, वर मेथीची जुडी. ग्रंथपाल चष्म्यावरून बघून विचारायचे, “काहून रे, तुह्या मायनं सांगितलं का हे आणाले?” मी मान हलवायचो. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं. मान हलवण्याचं पाप निम्मं असतं, असा माझा समज होता.

पुढे ताई एकच कादंबरी दोन-दोनदा मागवू लागली. मला कोडं पडलं. एकदा मेथी बाजूला सारून पाहिलं, तर समासात ताईचं अक्षर: ‘हिनं एवढं सोसायची काय गरज?’ आणि खाली जांभळ्या पेन्सिलीत, वळणदार अक्षरात उत्तर: ‘सोसलं नाही तर कादंबरी साठ पानांत आटोपेल. मग लेखकानं खायचं काय?’

पुढच्या कादंबरीत ताईनं लिहिलं, ‘नायक फार बोलतो.’ उत्तर आलं, ‘जे बोलत नाहीत ते अधिक जीव लावतात, असा अनुभव आहे.’ त्यानंतर दोन दिवस ताईच्या भाजीला मीठ नव्हतं. नाना मुकाट्यानं जेवले. आईनं मात्र ताईकडे जरा निरखून पाहिलं.

मला राहवेना. एके दिवशी ग्रंथपाल चहाला उठले तेव्हा मी रजिस्टर उलटंपालटं केलं. एकेका पुस्तकापुढे आमचं नाव, मग एक नाव, पुन्हा आमचं, पुन्हा तेच. ते होते आमच्याच आळीतले निवृत्त पोस्टमास्तर. वय साठीपलीकडे, कवळी, डोक्याला काळी टोपी. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. ‘सुनेसाठी नेतो’ म्हणून पुस्तकं न्यायचे. जांभळी पेन्सिल पोस्टातली, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

मी उड्या मारत घरी आलो आणि ताईला सांगून टाकलं. कवळीची नक्कलसुद्धा केली. ताई हसली, माझ्याहून जास्त हसली. मग म्हणाली, “आता महिनाभर पुस्तक नको आणूस.”

दिवाळीपासून मेहकरच्या स्थळाला ती नाही म्हणत होती. त्याच महिन्यात हो म्हणाली. दाजी माणूस सोन्यासारखा, शेतकी खात्यात. वाचन बियाण्याच्या पाकिटापुरतं. संसार छान झाला. माझ्यामुळे काही बिघडलं असं कुणी म्हणणार नाही. ताई तर नाहीच नाही.

पण एक गोष्ट तिला मी सांगितली नव्हती. लग्नाच्या गडबडीत आईसाठी म्हणून एक कादंबरी आणली होती. तिच्या पहिल्याच पानाच्या समासात जांभळं अक्षर: ‘बरेच दिवसांत आपलं मत दिसलं नाही. प्रकृती ठीक ना?’ मी घाबरलो. थुंकी लावून पुसायला गेलो. कॉपिंग पेन्सिल ती; ओली झाली की शाईसारखी उमटते. पुसण्याऐवजी अक्षरं अधिकच गडद झाली, आणि तसंच पुस्तक मी परत केलं.

गेल्या वर्षी ताईकडे गेलो होतो. सत्तरी ओलांडलीय. दुपारी ती नातीचं इंग्रजी पुस्तक वाचत पडली होती. कॉलेजातली मुलगी, देखणा आणि संतापी मुलगा, पानोपानी अश्रू. मी म्हटलं, “ताई, अजून हेच?” ती म्हणाली, “सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ 1982 ची. 2013 साली तिचा सिनेमा आला, तेव्हा तू दोनदा पाहिलास ना? मग गप बस.”

मग मी तिला ते जांभळं वाक्य सांगितलं. पन्नास वर्षं उशिरा. ती बराच वेळ काही बोलली नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“थुंकी लावलीस? वेडाच आहेस,” एवढंच म्हणाली, आणि पुस्तकात पेन्सिलीनं काहीतरी खरडू लागली.

नात ओरडली, “आजी, लिहू नकोस! पुस्तक मैत्रिणीचं आहे!”

“मग तिला म्हणावं, खाली उत्तर लिही,” ताई म्हणाली.