चाळिशीनंतरचा अलंग-मदन

थंडीच्या दिवसांत शुक्रवारी रात्री उशिराच्या कसारा लोकलमध्ये सॅकवाल्यांचे दोन गट दिसतात. एक विशीतल्या पोरांचा, भरपूर गोंगाट करणारा. दुसरा पंचेचाळिशीच्या आसपासचा. यांचा फोन कल्याण जाईपर्यंत घरीच लागलेला असतो: उद्या गॅसवाला येईल, आईची बीपीची गोळी डब्याच्या डाव्या कप्प्यात आहे. कॉलेजात असताना रतनगड-हरिश्चंद्रगड एकत्र केलेली ही मंडळी दोन-दोन मुलांचे बाप झाल्यावरही वर्षाकाठी एक अवघड ट्रेक सोडत नाहीत. 'अजून पोरकटपणा गेला नाही' असं त्यांच्याबद्दल कौतुकानं किंवा कुत्सितपणे म्हटलं जातं. मला दोन्ही पटत नाही. पुरुषांची जुनी मैत्री संसारात टिकायची असेल तर तिला असं काहीतरी कष्टाचं काम लागतंच, आणि ते काम शहाणपणानं करायची अक्कल बहुतेकदा संसारातूनच येते.

पुरुषांची मैत्री गप्पांवर फारशी तगत नाही. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी शाळा संपवून पुढे जाणाऱ्या काही ब्रिटिश मुलामुलींच्या मैत्रीचा दीड वर्ष पाठपुरावा केला. मुलींची मैत्री बोलत राहिल्यानं टिकली. मुलग्यांची टिकली ती एकत्र काहीतरी करण्यानं. मुलं थोडी, वय कोवळं, देश परका, त्यामुळे हा अभ्यास आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण आपल्याकडच्या कुठल्याही शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नजर टाका. वर्षभर सुप्रभात, वाढदिवसाचे केक, 'भेटू या रे एकदा', आणि भेट थेट कुणाच्या तरी वडिलांच्या दहाव्याला. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या हिशेबानं जवळचा मित्र व्हायला साधारण 200 तासांचा सहवास लागतो. मैत्री टिकवायला किती लागतो ते त्यात नाही, पण तीन दिवसांच्या ट्रेकमध्ये एका दमात साठ-सत्तर तास मिळतात. एरवी ते गोळा करायला चार-पाच वर्षं जातील.

मग फार्महाऊसवर बसून का नाही मिळवायचे हे तास? कारण तिथे कुणालाच कुणाची गरज नसते. अलंग आणि मदन या किल्ल्यांच्या पायऱ्या तुटलेल्या, त्यामुळे कातळटप्प्यावर दोर लावावाच लागतो. वर चढणारा बोटांनी खाच चाचपत असतो आणि खाली बिले देणारा, म्हणजे त्याचा दोर सांभाळणारा, मान मागे टाकून फक्त त्याच्या टाचांकडे बघत असतो. वरून 'स्लॅक दे' आलं की हातभर दोर सोडतो, 'टाइट कर' आलं की खेचून धरतो. अर्धा तास त्याच्या डोक्यात दुसरं काही येत नाही. इतकं लक्ष मित्राकडे एरवी कोण देतं? आणि पुढे धारेवरून एकामागे एक चालताना, समोर तोंड नसून पाठ असते म्हणूनच कदाचित, नोकरी डळमळल्याचं, साखर वाढल्याचं, मुलगा बोलेनासा झाल्याचं बाहेर पडतं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर 'मजेत आहे' यापुढे गाडी गेली नसती.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप घरातून येतो, आणि तो बराचसा खरा आहे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 299 मिनिटं घालवताना आढळल्या. असं काम करणारे पुरुष 97. त्यातून नवरा तीन दिवस डोंगरात गेला की त्याची 97 मिनिटंही बायकोच्याच खाती. 'बायकोनं सोडलं' असं कौतुकानं सांगणारे गट मला म्हणूनच खटकतात. रजा कुटुंबाकडून उसनी घेतलेली असते आणि उसनं फेडायचं असतं: तितकेच दिवस तिच्या मैत्रिणींसाठी, ती कळसूबाईला जावो नाहीतर माहेरी लोळत पडो, आणि त्या दिवसांत डबे, क्लास, सासूबाईंच्या गोळ्या सगळं त्याच्याकडे, फोन करून न विचारता. ज्याला हे जमत नाही त्याच्या ट्रेकचं समर्थन माझ्याकडे नाही.

दुसरा आक्षेप जिवाच्या जोखमीचा. उदाहरण म्हणून गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी पुरेसा आहे. 1924 साली तो एव्हरेस्टवर गेला तेव्हा 37 वर्षांचा, तीन मुलांचा बाप होता, आणि परतला नाही. पण शेवटच्या चढाईत त्याच्या दोराला होता 22 वर्षांचा आयर्विन, चढाईत नवखा. 'आता परत फिरू' असं मॅलरीला ठणकावण्याचा अधिकार त्या पोराकडे असेल असं मला वाटत नाही. जुना मित्र इथे उपयोगी पडतो. ज्यानं तुमच्या मुलीला कडेवर घेतलंय, ज्याला काही बरंवाईट झाल्यास तुमच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार आहे, तो निसरड्या टप्प्यावर फुशारकी चालू देत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर रविवारी लागणाऱ्या रांगेत, पैसे भरून आलेल्या अनोळखी बॅचमध्ये, हे दडपण कुणावर नसतं. विशीत माघार ही नामुष्की वाटते. ईएमआय आणि दहावीतली मुलगी असली की ती सोपी होते, आणि सोबती जुना असेल तर खाली उतरल्यावर टिंगलही मर्यादेत राहते.

गुडघे कायम साथ देणार नाहीत, हे तर आहेच. आधी मदन सुटेल, मग कुलंगची छाती फोडणारी चढण. राजमाची साठीतही जमतो, आणि तोवर पोरं बिले द्यायच्या वयाची झालेली असतील. फक्त तारीख आधी ठरवावी, जानेवारीतला अमुक शनिवार म्हणून सगळ्यांच्या घरच्या कॅलेंडरवर, बायकोच्या रजेच्या तारखांशेजारी. 'बघू, जमवू' म्हणून ठेवलेला ट्रेक मार्चअखेरच्या कामात अडकतो, मग परीक्षा येतात, मग पाऊस.